सात नंबरच्या अंबिकाबाई

गिरगावात आता जमिनीखालून गारेगार मेट्रो धावते. तिच्या स्टेशनसाठी आमची चाळ गेली. मेट्रोवर माझा राग नाही. राग आहे तो त्या यादीवर, जिच्यातून अंबिकाबाईंचं नाव सुटता सुटता राहिलं.

अंबिका धुरी मूळच्या कणकवलीकडच्या. नवरा लोअर परळच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा "परत बोलावू" म्हणाले. कोणी बोलावलं नाही आणि तो वाट पाहतच गेला. बाईंनी सात नंबरच्या खोलीत खानावळ घातली, मुलीला शिकवलं, उजवलं. तोंड असं फटकळ की भाजीवाला त्यांना पाहूनच भाव उतरवी. तरीही आमच्या मजल्यावरची उरलेली तेरा बिऱ्हाडं घराबाहेर पडताना चावी त्यांच्याच दारामागच्या खिळ्याला अडकवून जात. काहींचे तर घराचे कागदही त्यांच्याच पत्र्याच्या डब्यात.

चाळ पाडायचं ठरलं आणि सर्वे आला. यादीत नाव लागेल त्यालाच नव्या इमारतीत घर मिळणार होतं. खोलीला कुलूप दिसलं की तिच्यापुढे 'बंद' लिहायचं आणि पुढे जायचं, असा खाक्या. सर्वेवाला अमित आला तो मंगळवारी सकाळी अकराला, जेव्हा सगळा मजला कामावर गेलेला. घरी दोघंच: निवृत्त पोस्टमास्तर मी आणि बाई.

बाईंनी पदर खोचला, चाव्यांचा जुडगा घेतला आणि एकेक कुलूप उघडलं. "माणसं कामाला गेलीत, पळून नाही गेली. लिही नाव," असं प्रत्येक दारात बजावलं. अमितने मुकाट्याने लिहिली.

शेवटी सात नंबर. भाडेपावती गणपत धुरींच्या नावावर, म्हणजे बाईंच्या दिराच्या. त्यांना गावी जाऊन वीस वर्षं झालेली.

"ते इथे राहतच नाहीत. बंद लिहावं लागेल," अमित म्हणाला.

"बंद?" बाईंच्या मागे गॅसवर डाळ रटरटत होती. "मग मी कोण, भूत? चाळीस वर्सां हय रवतंय!"

"आजी, नियम आहे. अर्ज करा, परत बघू."

हे त्याने बोलायला नको होतं.

"परत, परत ऐकत माझो घोव गेलो," बाई कडाडल्या. "माका परत नको. आता लिही."

अमितने सात नंबरपुढे 'बंद' लिहिलं. पंच म्हणून सही करायला त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. त्याच कागदावर माझीही खोली होती. कागद अडला असता तर माझं घरही अडलं असतं. खोटं कशाला सांगू, मी पेन उघडलं होतं. जन्मभर साहेब बोट ठेवील तिथे सही केलेला माणूस मी.

"करा की सही, नाना," बाई म्हणाल्या. "तुमचं नाव लागलंय ना?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता, म्हणूनच मला जास्त लाज वाटली. स्वतःचाच संताप आला. मी पेन खिशाला लावलं आणि म्हणालो, "या खोलीत माणूस राहतो. तुम्हाला दिसतोय, मला दिसतोय. खोट्या कागदावर माझी सही मिळणार नाही."

अमितने साहेबाला फोन लावला. अर्धा तास "हो सर, नाही सर" चाललं. तेवढ्यात बाईंनी त्याला डाळभात वाढला, पण तोंडाचा पट्टा काही थांबवला नाही. शेवटी त्याने तोच कागद पुढे ओढला, 'बंद' खोडलं आणि काहीतरी लिहिलं.

"वाचा, नाना," बाई म्हणाल्या.

मी वाचलं, "गणपत धुरी यांची भावजय, हजर."

"भावजय खोड," बाई अमितला म्हणाल्या. "खोली मी चालवलंय. अंबिका धुरी लिही."

त्याने खोडलं, लिहिलं. मग मी सही केली.