रानमुळ्याचं माप

चतुराबाईची ही फजिती सिरसाळ्यात कुणी तिच्या माघारी सांगत नसे, कारण ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. "मी लई शहाणी," अशी तिची सुरुवात असायची.

मोगलाईतले दिवस. तिच्या नवऱ्याला, आश्रुबाला, मुतखडा झालेला. लघवीला बसला की कळ येऊन तिथंच आडवा व्हायचा. धारूरचा हकीम म्हणाला, अमावास्येपर्यंत वाट पाहू, मग चिरावं लागेल. चाकूचं नाव काढलं की आश्रुबा मेंढरांमागं रानात निघून जाई. मुतखड्याला रानमुळा चांगला, असं सारा गाव म्हणे. पण पाला, मुळी, शेंगा की बी, हे कुणी सांगेना.

"मी मोजते," चतुराबाई म्हणाली.

पूजा उरकून तिनं जपमाळ घेतली. एकेक भाग पाट्यावर वाटायचा, नाकाशी धरायचा आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत रामनामाचे मणी ओढायचे. पाल्याला साठ मणी लागले, मुळीला चाळीस, शेंगांना पंचवीस. बी नाकाशी नेलं न नेलं तोच घळाघळा धारा. सगळी ताकद बियांत, असं ठरवून तिनं नवऱ्याला दोन दिवस बियांचा काढा पाजला. आश्रुबाच्या पोटात आग पडली, पण खाली थेंब नाही.

शेजारची छबुबाई ताक मागायला आली. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं वरवंट्याचा वास घेतला.

"ह्याच्यावर मिरच्या वाटल्या व्हत्या का गं?"

"बियांच्या आदी. भाकरीची येळ झालती, म्हणून ठेचा केलता. पाटा धुतला की मी."

"आन् वरवंटा?"

चतुराबाईनं न धुतलेला वरवंटा पाट्याआड सरकवला.

"म्हंजे मिरची मोजलीस. आन् बी तिखट निघालं असतं, तरी धन्याचं दुखनं डोळ्यात हाय का? डोळ्यातलं पानी कशापायी मोजायचं?"

जप तेवढा खरा, बाकी सगळा गाढवपणा, हे चतुराबाईनं मनातल्या मनात कबूल केलं.

मग तिनं पुन्हा पहिल्यापासून, पाल्याचा रस सुरू केला. जपमाळ देवापाशी ठेवली. असल्या कामाला रामाला कशाला बसवायचं? ओटीत ज्वारी घेऊन ती न्हाणीच्या कुडाआड उभी राही. पलीकडे आश्रुबाची धार लागली की दर दमाला एक दाणा वाटीत टाकायचा. पहिल्या दिवशी तीन दाणे पडले, चौथ्या दिवशी पाच. अमावास्या उद्यावर आली, तशी तिनं घाबरून पाल्यात मुळीही ठेचून घातली.

सांजच्याला कुडापलीकडून आश्रुबा ओरडला. मग काहीतरी टिचकन पडलं आणि धार लागली ती थांबेना.

"अगं, ते दानं टाकू नको. आवाज येतो. लाज वाटती मला."

"उगी ऱ्हावा. माझं मोजनं चुकतंय."

तिचे डोळे गळत होते. तेहेतीसच्या पुढं तिला आकडा सुचेना.

धारूरची खेप वाचली. पुढं बायका विचारायच्या, "खडा कशानं उतरला, पाल्यानं का मुळीनं?"

"दोन्ही एकदमच पाजलं ना मी," चतुराबाई म्हणायची. "आता कुनाला ठाऊक!"