प्रज्ञाताईचं दुखणं आईच्या आधी स्क्रीनला कळलं

प्रज्ञाताईला जाऊन आज वर्ष झालं.

तिचं दुखणं तिच्या आईच्या आधी ऑफिसच्या स्क्रीनला कळलं होतं.

आम्ही दोघी बारामतीच्या एका डेअरी कंपनीत. ती प्रॉडक्शन प्लॅनिंगला, मी क्वालिटीला. ती कळसहून स्कूटीवर यायची. उन्हाळा असो, थंडी असो, माझ्या आधी हजर.

ती जायच्या काही महिने आधी कंपनीनं ऑफिसचं चॅट एआय सर्चला जोडलं.
मेसेज टाकला की त्याच क्षणी तो शोधात सापडणार.
ट्रेनिंगला सांगितलं होतं, "दोघांमधलं बोलणं प्रायव्हेटच राहील."

त्या दिवशी मीटिंग चालू असतानाच ताईचा रिपोर्ट फोनवर आला. समोरासमोर बसलो होतो, पण सगळ्यांपुढं बोलता येईना, म्हणून तिनं मला चॅटवर लिहिलं.

"हार्टचा व्हॉल्व्ह खराब हाय. ऑपरेशन सांगितलंय. आईला अजून न्हाय सांगितलं. रविवारी निवांत बसून सांगते."

मी मान वर केली. ती हसली. घाबरलेलं माणूस हसतं तसं.

तेवढ्यात प्लांट हेडनी सगळ्यांसमोर मोठ्या स्क्रीनवर एआयला विचारलं, चीजच्या नव्या लाइनला हेड म्हणून कोण योग्य?

उत्तर लगेच आलं.

"प्रज्ञा यांचा अनुभव सर्वाधिक. मात्र त्यांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह खराब असून ऑपरेशन सांगितले आहे. आईला अद्याप कल्पना दिलेली नाही."

हेडसाहेबांनी स्क्रीन बंद केली. पण वाचायचं ते सगळ्यांनी वाचलं होतं. डिस्पॅचकडून मीटिंगला आलेला तिचा लांबचा मामेभाऊ पण तिथंच होता. त्यानंही.

आयटीवाले म्हणाले, सेटिंग चुकलं होतं. दुरुस्त केलंय.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई दारातच रडत बसली होती.

त्यानंतर ताई चॅटवर फक्त "ओके" लिहायची. काही सांगायचं असलं की पार्किंगपर्यंत चालत न्यायची. जिना चढताना थांबायची. मी बघितलं की म्हणायची, "चल गं, काय न्हाय."

मी ऑपरेशनचं काढलं की एकच उत्तर.

"आत्ता सुट्टी टाकली तर म्हणतील, मशीन बरोबर बोललं. लाइन चालू करून दाखवते, मग जाते."

"ताई, कुणाला दाखवायचंय?"

"मलाच."

हट्टानं तिनं ती लाइन मिळवली. ट्रायल पास झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात घरी जाताना तिनं रस्त्याच्या कडेला स्कूटी लावली, आणि झाडाखाली बसली.
ती तिथंच गेली.

फोन पर्समध्येच होता. चालू होता. कुणालाही एक मेसेज नाही. मलाही नाही.

आज एचआरनं सांगितलंय, ताईच्या आठवणी ऑफिसच्या ग्रुपवर लिहा.
तिथं मी काहीच लिहिलं नाही. कोण वाचतंय ते आता मला ठाऊक नसतं.

परवा टीममधल्या एका मुलीनं "उद्या डॉक्टरकडे जायचंय" असं टाकलं आणि लगेच डिलीट केलं. मग माझ्या टेबलाशी आली, हळूच विचारलं, "मॅडम, डिलीट केलेलं पण सापडतं का त्याला?"

मी तिला पार्किंगपर्यंत चालत नेलं.

सकाळी कळसला जाऊन आले. ताईच्या आईनं चहा दिला. मग म्हणाली,

"माज्या लेकीचं दुखणं मला पावण्यानं सांगितलं, बाय. तिच्या तोंडून ऐकायचं ऱ्हाऊनच गेलं."

प्रज्ञाताई, तुला शेवटचा जय भीम.