हौसाक्का आणि गाडीवरचं बिऱ्हाड

मोटारसायकलवरून हिमालयातल्या स्पितीला जायचं मनात घेतलं तेव्हा मी साठीला टेकले होते, पण अक्कल अजून वाटेत होती. पहिला पराक्रम म्हणून मी पुण्याहून गाडीला लावायच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या आणल्या. दोन्ही अंगांना एकेक आणि एक पाठीमागं. चकचकीत, कुलपं असलेल्या. दुकानातल्या चित्रात एक दाढीवाला अशाच पेट्या लावून बर्फातून चालला होता. मला वाटलं, पेट्या लावल्या की बाकीचं आपोआप जमत असावं. आमच्या केंदूरमधून पहिल्यांदा तशी निघाले तर गावातल्या आप्पांनी थांबवून विचारलं, वहिनी, दूध कुठल्या डेअरीला घालता?

मला न्यायचं की नाही, हे मात्र हौसाक्काच्या हातात होतं. हौसाक्का दौंडची. जन्म धनगराच्या वाड्यावरचा, मेंढरांमागं फिरता. नोकरी रेल्वेत तिकीट तपासायची. निवृत्त झाल्यावर तिनं गाडी घेतली आणि कच्छ, लडाख करून आली. पुन्हा रेल्वेत बसायचं नाव काढत नसे. आमची ओळख भांडगावच्या पेट्रोल पंपावर झाली. आमचे मालक वारल्यावर त्यांची गाडी मी आधी शेतात आणि मग हळूहळू हायवेवर काढली होती. हौसाक्कानं मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाली, "साडीत गाडी चालवणारी तू पहिलीच दिसलीस. आन् इतकी वाईट चालवणारी बी."

तिची एकच अट होती. केंदूर ते दौंड यायचं, पण डांबरानं नाही. शेतातल्या वाटा, कालव्याचा भराव आणि शेवटी भीमेकाठची वाळू. तेही सगळ्या सामानासकट. रिकामी गाडी कुणालाबी चालवता येती, असं तिचं म्हणणं. जमलं तर स्पिती, नाहीतर घरी बसून पापड.

वाळूपर्यंत मी झोकात आले. तिथं पुढचं चाक वळवळलं आणि मी सवयीनं पाय टेकला. पाय वाळूत रुतला, गाडी पुढं सरकली, आणि मागून माझीच पेटी पोटरीवर आदळली. पुढच्या क्षणी मी खाली, पेटी वर, आणि समोर काठावर वाट बघत थांबलेली हौसाक्का. तिनं आधी गाडी बंद केली, मग माझ्याकडं पाहिलं. घोटा दाबून बघितला, मोडला नाही म्हणाली, आणि तिथंच वाळूत मांडी घालून माझ्या पेट्या उघडायला बसली.

ही तिची खोड. सामानातली एकेक वस्तू वर धरायची आणि डब्यातल्या प्रवाशाला विचारावं तसं विचारायचं, "तिकीट?" मग मी त्या वस्तूची वकिली करायची. कुकर उतरला, तांब्या उतरला, काठापदराच्या दोन साड्या उतरल्या. स्पितीत हळदीकुंकू हाय का, असं तिनं विचारलं. शेंगदाण्याची चटणी तेवढी तिनं बोटावर घेऊन चाखली आणि तिकीट न विचारता स्वतःच्या पिशवीत टाकली. बाई स्वतः प्रवासात खायचं काही बांधून घेत नसे आणि दुसऱ्याचं संपवत असे, हे मला पुढं कळलं.

"माझी आय घोडीवर समदं बिऱ्हाड लादायची," ती म्हणाली. "जड खाली, दोन्ही बाजू सारख्या, आन् घोडीच्या अंगाला मऊ. वर कोंबड्या बांधायच्या. टोचलं तर घोडी बोलत न्हाई, पण तिसऱ्या मुक्कामाला बसती. तुझ्या गाडीचा पत्रा तुलाच टोचतुया, पाटलीणबाई."

एवढ्यावर निभावलं असतं. पण लोणच्याच्या बरणीखालून किल्ल्यांचा जुडगा निघाला. कपाटाची, कोठीची, माळ्यावरच्या ट्रंकेची, तुपाच्या फडताळाचीसुद्धा. मी समजावून सांगायला गेले की सून रांजणगावला कंपनीत जाते, तिला घरातलं काही उमजत नाही, मागं सगळं उघडं कसं टाकायचं. हौसाक्का हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. जुडगा माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, "पेट्या बदलून ये, त्ये जमंल. पर ह्ये घिऊन येणार आसशील तर येऊ नगं. घरात बसल्याली बाई मला गाडीवर न्यायची न्हाई."

मी दोन दिवस फुरंगटून बसले. धनगराची पोर मला घर शिकवणार, असलंही मनात येऊन गेलं. तेव्हाची मी तशीच होते, काय करता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सून पोळ्या लाटत होती, तिच्यापुढं जुडगा ठेवला. मोठा त्याग केल्यासारखा चेहरा करून उभी राहिले. तिनं लाटणं न थांबवता सांगितलं की दुसऱ्या किल्ल्या लग्नानंतरच्या वर्षापासून तिच्याकडं आहेतच, आणि तूप संपत आलंय.

मग मी दौंडला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून दोन मऊ पिशव्या शिवून घेतल्या. पेट्यांमध्ये आता सून गहू आणि डाळ ठेवते. उंदीर लागत नाही.

आम्ही स्पितीला गेलो. नंतर आणखी दोन लांबच्या फेऱ्या झाल्या. हौसाक्का आता नाही. झोपेतच गेली, कुणाला त्रास न देता. तिची गाडी तिची नात चालवते आणि मला आजी न म्हणता पाटलीणबाईच म्हणते.

पण अक्का आठवते ती निघायच्या दिवशीची. सकाळी तिच्या दारात गाडी लावली. तिनं दोन्ही पिशव्या हातानं तोलल्या, गुडघ्यानं दाबून पाहिल्या. हत्यारांची पुडी वरून काढून तळाशी घातली. किल्ल्यांचं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गाव संपून कच्ची वाट लागली तसं तिनं गाडी कडेला घेतली आणि हातानं मला पुढं जायची खूण केली. मी म्हटलं, अगं, रस्ता तुला ठाऊक, मी मागंच बरी.

"व्हय म्होरं," ती म्हणाली. "धूळ मी खाते."