वाक्य पूर्ण करा, नासिरभाई

लोकांच्या भानगडी कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. पोस्टाच्या खिडकीवर चौतीस वर्षं काढली, तेव्हाची खोड. निवृत्तीनंतर ती जाईल असं वाटलं होतं, पण वाढलीच. त्यामुळे डिसेंबरात पहाटे साडेपाचला आमच्या धायरीच्या सोसायटीतून तिसऱ्या मजल्यावरचे नासिरभाई हाफ पँटीत बाहेर पडताना दिसले, आणि मी दुसऱ्याच दिवशी सायकल काढली. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलीच होती.

"अहो, नऊ डिग्री आहे. स्वेटर कुठाय?" मी कानटोपीतून विचारलं.

"निघताना कुडकुडायला हवं, आनंदीताई. नाहीतर पुढे उकडतं."

हे मला नवीन होतं. मग काय, रोज कालव्याच्या रस्त्यानं ते पुढे आणि मी शेजारी. नाकातून पाणी, बोटं बधिर, पण प्रश्न चालू. वय चौपन्न. बुधवार पेठेत अँप्लिफायर दुरुस्त करतात, दिवसभर स्टुलावर. शुगर निघाली म्हणून चालायला लागले, चालण्याचा कंटाळा आला म्हणून धावायला. हात एवढे खाली का ठेवता, थंडीत तहान लागत नाही तरी पाणी का पिता, सगळं विचारून झालं. कुणी म्हणेल बाई डोकं खाते. खातेच.

चौथ्या दिवशी कळलं की ही तयारी फेब्रुवारीतल्या मॅरेथॉनची आहे आणि मागच्या वर्षीही ते उतरले होते. मी विचारलं, "मागच्या वर्षीची मॅरेथॉन पूर्ण झाली का?"

त्यांनी बाटलीतून एक घोट घेतला. मग म्हणाले, "तीस किलोमीटरवर बसमध्ये बसवलं."

ठरलेल्या वेळेत तिथवर न पोचलेल्यांना आणि पुढे वाटेत थांबलेल्यांना मागून येणारी बस उचलते आणि शेवटच्या रेषेजवळ नेऊन सोडते. पहाटे थंडी वाजली म्हणून नासिरभाई सुरुवातीलाच सुसाट सुटले होते. अठ्ठाविसाव्या किलोमीटरला पाय संपले. शेवटच्या रेषेवर त्यांची बायको अमिनाबी दीड तास उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत हे बसमधून उतरले. ती काही बोलली नाही, हेही नाही. तेव्हापासून त्या घरात धावण्याबद्दल चकार शब्द निघाला नव्हता. यंदा त्यांना तिच्यासमोरून पायांनी जायचं होतं, एवढंच.

"आमच्या धावण्याच्या ग्रुपचे कोच म्हणतात, धावताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. तुटलं, की वेग जास्त झाला."

"मग बोला की. मी विचारतेच आहे."

पुढचे दोन महिने त्यांचं वाक्य अर्ध्यावर अडकलं की मी ओरडायचे, "पूर्ण करा." ते मुकाट्यानं वेग कमी करायचे. माझ्या चौकशांचा कुणाला उपयोग होण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

शर्यतीत सायकल नेऊ देत नाहीत. म्हणून त्या रविवारी मी तिसाव्या किलोमीटरवर जाऊन उभी राहिले, आणि अमिनाबीलाही ओढून नेलं. ती शालीत तोंड खुपसून उभी होती. नासिरभाई आले तेव्हा ठरलेली वेळ संपायला दहा मिनिटं होती. मान खाली, तोंड उघडं, चेहरा पांढरा.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"ठी..." एवढंच आलं.

तेवढ्यात अमिनाबी फुटपाथवरून त्यांच्या बरोबरीनं भराभर चालायला लागली.

"मागच्या वर्षी बसमधून उतरून माझ्याशी बोलला का नाहीत?"

ते हळू झाले. मला वाटलं, आता थांबतात आणि सगळं मुसळ केरात. पण पाय चालू राहिले. दोन श्वास घेऊन म्हणाले, "मला वाटलं, चार लोकांत तुला माझी लाज वाटली असेल."

वाक्य पूर्ण होतं.

"लाज? तुम्हाला काहीतरी झालं असं समजून मी दीड तास रडत होते. जा आता. सावकाश जा."

शेवटच्या रेषेजवळ आम्ही रिक्षानं पोचलो. थोड्या वेळानं बस आली. अमिनाबीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. दार उघडलं. एकेक जण लंगडत उतरत होता आणि ती प्रत्येकाचा चेहरा बघत होती. अकरा जण उतरले. तिनं पायरीवर चढून आत डोकावलं. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, संपले सगळे."

ती खाली उतरली आणि सगळ्यांसमोर हसत रडायला लागली.

"आनंदीताई, ते बसमध्ये नाहीत," ती म्हणाली. "अजून धावतायत."