पटाच्या छकड्याचा आख

इंद्रभानला हातोडी धरता येत नव्हती, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. मिरचीची रोपं लावावी तर त्यानंच, पण खिळा ठोकायला बसला की पहिला घाव स्वतःच्या अंगठ्यावर. असा माणूस त्या उन्हाळ्यात मोडका छकडा अंगणात घेऊन रोज ठाकठोक करू लागला, तेव्हा भिंतीपलीकडे राहणाऱ्या मला डोकेदुखी मिळाली आणि गावाला विषय.

छकडा पटाचा होता. आमच्याकडे शंकरपट म्हणजे जीव की प्राण. वर्षभर शेतात वखराला जुंपलेली बैलजोडी एक दिवस हलक्या छकड्याला जुंपायची आणि वाऱ्यासारखी पळवायची. तेव्हाच्या नागपूरच्या सरकारनं शेतकी प्रदर्शन भरवलं तरी लोक बियाणं बघायचे सोडून पटाकडे धावायचे. इंद्रभान काही मोठा नावाजलेला नव्हता. थोडा मळा, एक जोडी आणि हा एक शौक. "दारू नाई, पत्ते नाई, तं हे एक भूत," असं त्याची बायको अन्नपूर्णाबाई म्हणायची.

छकडा केला होता शालिग्राम सुतारानं. दोघं लंगोटीयार. सातपुड्यातलं धावड्याचं चिवट लाकूड स्वतः निवडून आणून शालिग्रामनं त्याचा आख घडवला होता. दोन्ही चाकं ज्याच्यावर फिरतात तो आडवा दांडा म्हणजे आख, आणि तो गेला की गाडीत काही राम उरत नाही.

जळगाव जामोदच्या पटात भर धावेत तोच मोडला. चाक निखळून लोकांत घुसलं, नशीब कोणाला लागलं नाही. बसायचा साटा फुटला, दांडी चिरली, इंद्रभानचा खांदा उतरला. लोक घरी परतले ते एकच बोलत: सुतारानं कच्चं लाकूड घातलं.

इंद्रभान हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. खांदा जरा बरा झाल्यावर त्यानं कुठूनसा लाकूड तासायचा वाकस, करवत आणि रंधा मागून आणला आणि स्वतःच दुरुस्तीला बसला. झालं, गावाला याहून मोठा पुरावा नको होता. ज्यानं घडवला त्याच्याकडे नेत नाही, म्हणजे खोट त्याचीच. पेरणीच्या आधी सुताराच्या दारात वखर-तिफणींची रांग लागते; त्या वर्षी लोक आपली अवजारं जळगाव जामोदला घेऊन गेले. शालिग्रामच्या अंगणात कोंबड्या फिरत होत्या.

खरं काय ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आताच सांगून टाकतो, कारण लपवाछपवीचा मला वीट आला आहे. पटाच्या आधी इंद्रभाननं तो आख फुटक्या काचेनं मधून खरडून बारीक केला होता. छकडा हलका व्हावा म्हणून. खरडल्याचं दिसू नये म्हणून वर तेल आणि काजळी चोळली. शालिग्रामला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं वाकसच डोक्यात घातला असता. मोडलेले तुकडे कुठल्याही सुतारानं पाहिले असते तर एका नजरेत ओळखलं असतं. म्हणून ते तुकडे आंघोळीच्या चुलीत गेले आणि छकडा अंगणातच राहिला.

ती दुरुस्ती बघणंही शिक्षा होती. साट्याला त्यानं जुन्या खोक्याच्या फळ्या मारल्या. चिरलेल्या दांडीला ओलं कातडं गुंडाळलं, वाळलं की आवळून बसेल म्हणून. पहाटे कुत्र्यांनी ते सोडवून नेलं. बाभळीचा आख तासायला घेतला तर तो चाकात जाईना, आणि जाऊ लागला तेव्हा इतका ढिला झाला की चिंध्या कोंबाव्या लागल्या. इंद्रभान थकून गेला होता. कामानं नव्हे. हात चालवत राहिलं की कुणी काही विचारत नाही, एवढ्याचसाठी तो ठोकत होता असं मला वाटतं.

एका दुपारी शालिग्राम आला. ओसरीच्या कडेला बसला. पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"इंदरभान, मी भांडाले नाई आलो," तो म्हणाला. "मले फक्त तो मोडका आख दाखव."

"काऊन?"

"मह्याकून काय चुकलं ते पाहू दे. लाकडात गाठ होती का रंधा जास्त चालला, काई समजून नाई राह्यलं. लोकायचं जाऊ दे. वाकस हाती घेतो अन् परत ठेवून देतो. मलेच आता मह्या हातावर भरवसा नाई."

इंद्रभाननं हातोडी खाली ठेवली. त्याची शिव्यांची तयारी होती, याची नव्हती.

"आख जाळला म्या," तो म्हणाला. "तुही चूक नाई. म्याच तो मधातून खरडला, हलका कराले."

शालिग्रामनं मान हलवली. म्हणाला, "मन राखाले खोटं नको बोलू."

"खरं सांगून राह्यलो बे."

"मंग तवाच काऊन नाई सांगितलं?"

"लाज वाटली."

"अन् आज नाई वाटली?"

अन्नपूर्णाबाई दारात आली. "शालिग्रामभाऊ, म्या डोयानं पाह्यलं. काचेनं खरडत होते हे."

"वयनी, तुमी तं यायचीच बाजू घेसान," शालिग्राम म्हणाला आणि उठला.

ती बाई देवाचंही मन राखायला खोटं बोलली नसती, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला. गावानं नाही ठेवला. इंद्रभान पारावर जाऊन सगळ्यांसमोर कबूल झाला, तर लोक म्हणाले, पाहा किती मोठ्या मनाचा, सुताराची अब्रू वाचवायला स्वतःवर घेतो. मी समजवायला गेलो तर मला म्हणाले, तू शेजारी, तू असंच बोलणार. त्या दिवसापासून इंद्रभान दिलदार ठरला आणि शालिग्रामची खोट कायमची पक्की झाली. मला दोघांचीही कीव आली आणि इंद्रभानचा रागही आला.

स्वतः केलेला बाभळीचा आख काढून टाकून इंद्रभान नव्या आखासाठी शालिग्रामच्या दारात जात राहिला. शालिग्राम नकोच म्हणे. शेवटी हिवाळ्यात त्यानं करून दिला, तोही तेलाच्या घाण्यात फिरणाऱ्या लाकडी लाटेएवढा जाड. इंद्रभाननं तोच छकड्याला बसवला. तसाच पटात उतरला आणि सगळ्यांच्या मागून आला. लोक हसले.

शालिग्राम शेवटच्या खुणेपाशी उभा होता. त्यानं बैलांकडे पाहिलं नाही, इंद्रभानकडेही नाही. छकड्याखाली वाकला आणि आखावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवू लागला.

"नाई तडकनार, शालिग्राम," इंद्रभान कासरा धरून म्हणाला.

"सांगता नाई येत," शालिग्राम म्हणाला, आणि पुन्हा पहिल्या टोकापासून चाचपू लागला.