डिस्क आणि फेल्युअर यांच्या मधला शब्द

‘‘भाभी, हार्ड डिस्क गेली,’’ मी सांगून टाकलं.

मुरगूडला शमीमभाभींच्या घरात मी जमिनीवर बसलो होतो. पुढ्यात त्यांचा जुना कॉम्प्युटर. भाभी मशीनवर ब्लाउजची एम्ब्रॉयडरी करून देतात. डिझाईन कॉम्प्युटरवर काढायचं, पेन ड्राइव्हवर घेऊन मशीनला द्यायचं, मग मशीन भरतकाम करतं. डिझाईनचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालतं, म्हणून कॉम्प्युटरही जुनाच ठेवलेला. त्यात अकरा वर्षांची डिझाईन्स होती. मोर, कोयऱ्या, वेली, सगळं भाभींनी स्वतः काढलेलं. दुसरीकडे कुठेही कॉपी नाही. शाहूवाडीच्या एका लग्नाचे नऊ ब्लाउज शुक्रवारी द्यायचे होते आणि तो मंगळवार होता.

‘‘गेली म्हंजे? आता परत येत न्हाय?’’

‘‘अवघड आहे,’’ मी म्हणालो. चेहरा मोठ्या डॉक्टरसारखा केला होता. बावीस वर्षं कोल्हापुरात कॉम्प्युटर रिपेअर करतोय, तो चेहरा आता आपोआप होतो.

माझ्या निदानाला आधार होता. स्क्रीन काळी आणि त्यावर एकच ओळ: डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टम डिस्क अँड प्रेस एंटर. मी त्यातलं ‘डिस्क’ वाचलं, ‘फेल्युअर’ वाचलं आणि स्क्रू ड्रायव्हर काढला.

भाभींनी मध्येच सांगायचा प्रयत्न केला होता. आठ दिवस झाले, सकाळी चालू केलं की घड्याळ चुकतंय, तारीख भलतीच जुनी दाखवतंय, एफ-वन दाबल्याशिवाय पुढं जात नाही, असं त्या म्हणत होत्या. तारखेचा आणि याचा काही संबंध नाही, असं मी त्यांना समजावून सांगितलं. शांतपणे, आणि पूर्ण चुकीचं.

भाभी रडल्या नाहीत. उठल्या, एम्ब्रॉयडरी मशीनवर चादर टाकली आणि माझ्यासाठी चहा ठेवला. तो चहा मला काही गेला नाही. मी डिस्क काढून पिशवीत घातली आणि कोल्हापूरला आलो.

दुकानात ती डिस्क माझ्या कॉम्प्युटरला जोडली. आधी वाटलं, दिसणारच नाही. चार सेकंदात सगळे फोल्डर समोर हजर. मोर उघडला, उघडला. कोयरी उघडली, उघडली. डिस्क ठणठणीत होती. मला इतकं हायसं वाटलं की दुकानात एकटाच हसलो. सगळी डिझाईन्स दोन ठिकाणी कॉपी करून ठेवली. मग हसू गेलं. ‘गेली’ असं ठामपणे सांगून आलो होतो, आता काय सांगायचं?

भाभींना फोन लावला आणि म्हणालो, ‘‘प्रयत्न चालू आहेत. बरीच डिझाईन्स वाचतील असं वाटतंय.’’

‘‘लई मेहनत घेताय दादा तुम्ही. मी दुवा मागतो,’’ त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मला स्वतःची लाज वाटली. पण परत फोन करण्याइतकी नाही.

बुधवारी सकाळी पुन्हा मुरगूड. मोठी मेहनत केल्यासारखा चेहरा करून डिस्क बसवली, बटण दाबलं. तीच काळी स्क्रीन. तीच ओळ.

भाभी माझ्या मागे उभ्या होत्या. त्या एकेक अक्षर लावत वाचायला लागल्या. ‘‘डिस्क... बूट... बूट म्हंजे काय ओ?’’

‘‘बूट म्हणजे कॉम्प्युटर सुरू होणं,’’ मी सवयीनं सांगायला लागलो. ‘‘चालू केला की तो विंडोज शोधतो. कुठल्या डिस्कवर आधी बघायचं याचा क्रम ठरलेला असतो. त्याला बूट ऑर्डर...’’

आणि मी ती ओळ पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली.

डिस्क खराब झाली असं ती ओळ म्हणतच नव्हती. सुरू करायला विंडोज असलेली डिस्क सापडत नाही, एवढंच म्हणत होती. कॉम्प्युटरमध्ये डिस्क दोन होत्या. एकीवर विंडोज आणि डिझाईन्स, दुसरीवर भाभींच्या मिस्टरांनी शूट केलेले लग्नाचे व्हिडिओ. दुसरी चार वर्षांपूर्वी मीच बसवली होती. हा क्रम आणि घड्याळ लक्षात ठेवायला मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो. तो संपला की कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि क्रमही विसरतो. आठवडाभर बिचारा विसरत विसरत चालला होता. शेवटी क्रम उलटा झाला आणि तो लग्नाच्या व्हिडिओंमध्ये विंडोज शोधत बसला.

मी पुन्हा चालू केला, डिलीट की दाबत राहिलो. निळी स्क्रीन आली. ही कॉम्प्युटरची आतली सेटिंग्ज, हिला बायोस म्हणतात. क्रमात खाली गेलेली विंडोजची डिस्क वर घेतली, एफ-टेन दाबून सेव्ह केलं. एक मिनिटही लागलं नाही. विंडोजचा आवाज आला, आणि मागोमाग डिझाईन्सचा फोल्डर दिसला.

भाभी माझे आभार मानायला लागल्या, तेव्हा मात्र मला राहवेना. सगळं सांगितलं. डिस्कला काही झालंच नव्हतं, तुम्ही तारखेचं सांगत होता तेच खरं होतं.

त्यांनी थोडा विचार केला. ‘‘मग काल फोनवर वाचवायला लागलाय म्हणालात, ते काय वाचवत हुता?’’

‘‘माझी अब्रू,’’ मी म्हणालो.

त्या हसल्या ते पदर तोंडाला लावूनसुद्धा थांबेनात.

बाजारातल्या घड्याळवाल्याकडून सेल आणून बसवला. डिझाईन्सची एक कॉपी पेन ड्राइव्हवर करून त्यांच्या हातात दिली. नऊ ब्लाउज शुक्रवारी शाहूवाडीला पोचले. त्यासाठी भाभी दोन दिवस मशीनपुढून उठल्या नव्हत्या, आणि त्याआधीचा एक दिवस माझ्यामुळे वाया गेलेला होता.

आता मी एका इन्स्टिट्यूटमध्ये हार्डवेअर शिकवायलाही जातो. पहिल्याच तासाला सांगतो की, स्क्रू ड्रायव्हर काढण्याआधी स्क्रीनवरची ओळ शेवटपर्यंत वाचा, मोठ्यानं. मुलं ते वहीत लिहून घेतात. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं एकीनं विचारलं. मी म्हटलं, पुस्तकात नाही, मुरगूडला आहे.