सोळा पोत्यांचा स्लॅब

संगमेश्वरजवळच्या एका वाडीतल्या घराच्या स्लॅबला सोळा पोती सिमेंट पुरेल, असे मी इंजिनिअर म्हणून सही करून लिहून दिले होते. ते चूक होते. चूक माझी होती. हे मला त्याच दिवशी दुपारी कळले आणि मी ते अकरा वर्षे कोणालाही सांगितले नाही.

घर ओळखीच्या एका काकींचे. त्यांचा मुलगा महेश मुंबईहून चार दिवसांची रजा काढून आला होता. मागच्या पडवीवर वीस फूट बाय तेरा फूट, पाच इंच जाडीचा स्लॅब टाकायचा होता. घर रस्त्यापासून पाखाडीच्या खाली. टेम्पो वर थांबतो आणि प्रत्येक पोते डोक्यावरून दीडशे दगडी पायऱ्या उतरून आणावे लागते. म्हणून पोत्यांचा आकडा नेमका हवा होता.

आदल्या आठवड्यात गवंडी शांताराम याचा फोन आला होता.

"सायब, सोळांत नाय भागायचं. माझ्या हिशेबानं पंचवीस लागतील."

"तुमचा हिशेब अंदाजाचा असतो," मी म्हणालो. "उरलेली पोती या दमट हवेत दगड होतात. मग ती पाखाडी चढून कोण नेणार?"

"बरं. तुम्ही सांगाल तसं."

स्लॅबच्या दिवशी सकाळी काकींनी नारळ फोडला. काम सुरेख चालले होते. शांताराम वाळू आणि खडी लाकडी पेटीने मोजून घेत होता, एकही पेटी शीग भरून नाही. दुपारी दोनच्या सुमारास सोळावे पोते संपले, तेव्हा स्लॅबचा एक तृतीयांश भाग उघडाच होता. सळ्यांच्या जाळीतून खालच्या फळ्या दिसत होत्या. नवी पोती आणायला टेम्पो आता उद्याच मिळणार होता.

स्लॅब एका दमात व्हावा लागतो. अर्धवट राहिलेले काँक्रीट सुकले आणि दुसऱ्या दिवशी त्याला नवे जोडले, तर दोन्ही एकजीव होत नाहीत. त्या सांध्याला आम्ही कोल्ड जॉइंट म्हणतो. पाणी बरोबर तिथूनच वाट काढते.

मी ओल्या काँक्रीटमध्ये सळई घालून जाडी पाहिली. चार ठिकाणी. सगळीकडे बरोबर पाच इंच. मग खिशातला कागद काढला आणि चूक दिसली.

डबाभर चुरमुऱ्यांत डबाभर शेव मिसळली, तर दोन डबे होत नाहीत. शेव चुरमुऱ्यांच्या फटींत बसते. काँक्रीटचेही तसेच आहे. खडीच्या फटींत वाळू बसते, वाळूच्या फटींत सिमेंट. म्हणून तयार स्लॅबचे जे माप येते, त्याच्या दीडपटीहून थोडे अधिक कोरडे सामान धरावे लागते. हा गुणाकार मी विसरलो होतो. तो केला, की उत्तर पंचवीस येत होते.

"जाड टाकलंस की काय रे?" महेशने शांतारामला विचारले. "सिमेंट संपलं कसं?"

"मी पेटीनं मापून टाकतंय. सायबांनी आत्ताच सळई घालून बघितलंन. विचारा त्यांना."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. वर काँक्रीटची घमेली घेऊन उभी असलेली माणसेसुद्धा. मी कागदाची घडी घातली.

"कागदावर तर सोळाच बसतात," मी म्हणालो.

वाक्य खरे होते. त्याच्याइतके खोटे वाक्य मी आयुष्यात बोललो नाही. शांतारामने एकदा माझ्याकडे पाहिले, मग खाली बसून तो काँक्रीटची कड तिरपी कापू लागला, म्हणजे उद्याचा जोड त्यातल्या त्यात बरा बसावा. त्याने पंचवीसचा उच्चार तेव्हाही केला नाही, नंतरही नाही.

स्लॅब दुसऱ्या दिवशी पुरा झाला आणि पावसात गळला. शांतारामच्या हाताला माप नाही, असे वाडीत झाले. त्याला कोणी काम देईना. शेवटी तो लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत कंत्राटावर गेला. तेव्हापासून मी प्रत्येक कागदावर कोरडे माप वेगळे लिहितो आणि आकडा आधी गवंड्याला वाचून दाखवतो. पद्धत चांगली आहे. शांतारामला तिचा काही उपयोग झाला नाही.

यंदा काकींचा फोन आला. गळती वाढली होती, स्लॅब दुरुस्त करायचा होता. मी म्हणालो, "काम शांतारामला द्या."

"तो नको हो! त्यानंच तर वाट लावलान."

"त्यांना बोलवा, काकी. मी येतो."

तो आला. केस पिकले होते. पडवीत काकींनी दोघांना चहा दिला. महेशला मी मुंबईला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून मधोमध ठेवला.

"काय सायब," शांताराम बशीत चहा ओतत म्हणाला, "यंदा किती पोती लिहिलीत?"

काकी हसल्या. मला हसता आले नाही. मी उभा राहिलो.

"महेश, काकी, तुम्ही दोघेही ऐका. स्लॅबची जाडी बरोबर होती. ती मी स्वतः मोजली होती. शांतारामदादांनी पंचवीस पोती आठवडाभर आधी सांगितली होती. हिशेब माझा चुकला आणि नाव त्यांचं खराब झालं. दादा, त्या दिवशी 'सायबांना विचारा' असं तुम्ही म्हणालात आणि मी कागदावरचा आकडा पुढे केला. माझं चुकलं. मला माफ करा."